किरकोळ बदल

नाव पुसून ग्लेनिसने 'जतन करा'वर टिचकी मारली, सुटले एकदाची अशा चेहऱ्याने खुर्चीत मागे टेकली, आणि चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच समोरच्या संगणकातून मेल आल्याची घंटी वाजली.

मेल विकीनेच पाठवली होती. 'डॅरोची माणसं' या, गावाने मिळून लिहायच्या, विकीवर एक पान बदललं आहे, असं ती कळवत होती. नुसतं कळवून थांबायची तिची रीत नव्हती. काय बदललं तेही ती खाली मांडून दाखवायची. जे आलं ते हिरवं, जे गेलं ते लाल. फुटबॉल संघाच्या फोटोखालच्या ओळीतून ग्लेनिसने आत्ता जे नाव हळूच उचललं होतं, ते इथे लालभडक, मधोमध रेघ मारलेलं, एकटंच उभं होतं. पानावर ते चार लोकांत होतं. इथे ते चव्हाट्यावर आलं होतं.

तिने कप तसाच खाली ठेवला.

कारण ही मेल काही तिला एकटीला आलेली नव्हती. ज्यांनी ज्यांनी 'बदल झाला तर मला कळवा' म्हणून सांगून ठेवलं होतं, त्या सगळ्यांना ती गेली होती. त्या सगळ्यांत पहिलं नाव होतं, सगळा गाव जिला आंटी म्हणतो त्या इनिडचं. आणि पुसलेलं नाव होतं आंटीच्या धाकट्या भावाचं. तो काल ऑगस्टा शहराच्या इस्पितळात वारला.

आंटीचे लोक इथले मूळ रहिवासी, आणि त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. त्याचा फोटो झाकतात किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवतात. त्याच नावाचा दुसरा कुणी गावात असला, तर त्यालाही तोवर दुसरं काहीतरी म्हणून हाक मारतात. हे कधी संपायचं ते घरचे ठरवतात. दुसऱ्या कुणी विचारायचं नसतं. डॅरो सायडिंग या गावात हे शाळेतल्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. म्हणून तर सकाळी दुकानात पाव घेताना दुकानवाली मेरिल नुसतं "इनिडचा भाऊ गेला गं" एवढंच म्हणाली, आणि म्हणूनच या गोष्टीतही त्याचं नाव येणार नाही.

ग्लेनिस पावाची पिशवी तशीच बगलेत मारून वाचनालयाकडे धावली होती. ती धावली याला कारण होतं. तिने शब्द दिला होता.

वाचनालय म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. निम्म्यात पुस्तकं, निम्म्यात नगरपालिकेचं काउंटर. तिथे लायल बसायचा आणि कुत्र्यांची नोंदणी, कचऱ्याचे डबे आणि कबरस्तान अशी तिन्ही खाती एकट्याने सांभाळायचा. ग्लेनिस हार्टविग या खोलीत तरुणपणी आली आणि इथेच पिकली. नवरा नाही, मूल नाही, भांडण नाही. तिच्या नावावर गावात जमेला काय, तर उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंड ती घेत नसे; खर्चाला काय, तर कुणाचं कोणतं पुस्तक उशिरा आलं ते ती विसरतही नसे.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी राजधानीहून बोलावणं आलं. आडगावातल्या सगळ्या ग्रंथपालांना एका हॉलमध्ये बसवून, इंटरनेटवर फुकट मिळणारी साधनं वापरून गावाला जवळ कसं आणायचं ते शिकवलं. ब्लॉग काढा, विकी उघडा, फोटो चढवा, लोकांना लिहितं करा. बाकीच्यांनी दुपारचं जेवण चांगलं होतं एवढं लक्षात ठेवलं. ग्लेनिसने सगळंच लक्षात ठेवलं.

ब्लॉग आधी झाला. त्यावर डॉक्टर कधी येणार, कुणाची शेळी कुणाच्या अंगणात शिरली, असल्या बातम्या यायच्या. आणि खाली लोक प्रतिक्रिया द्यायचे. पेस्टीच्या सारणात गाजर घालावं की घालू नये यावरून एकदा अशी जुंपली, की दोन सख्ख्या बहिणी नाताळात एकमेकींकडे गेल्या नाहीत. राजधानीत हे सगळं शिकवणाऱ्या बाईंना ग्लेनिसने हे कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, उत्तम, याचाच अर्थ लोक सामील झाले.

पण तिचा जीव विकीत. इथे जेवणाला बोलावलं की ज्याने त्याने आपापलं ताट भरून आणायचं असतं. विकी तशीच, असं ती सगळ्यांना समजावून सांगायची. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर दुरुस्त करावं. बाहेर गेलेली मुलं लांबून लिहू लागली. ट्रंकांतून, बिस्किटांच्या डब्यांतून फोटो निघाले. फक्त नदीपलीकडच्या, आंटीच्या लोकांच्या वस्तीतून काही येईना. सगळा गाव ताटं घेऊन आला, आणि ज्यांची ही भूमी ते दारात उभे.

शेवटी एका मंगळवारी आंटी इनिड आली. तिने पिशवीतून फोटोंचं पाकीट काढलं, पण हातातून सोडलं नाही.

"मी देते," ती म्हणाली. "पण आमच्यातलं कुणी गेलं, तर काय करणार तू?"

"मी स्वतः काढेन, आंटी. त्याच दिवशी. सगळ्यात आधी."

"तू स्वतः?"

"मी स्वतः."

आंटीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून वस्तीतून फोटो येऊ लागले, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी येऊ लागल्या. ग्लेनिसने उभ्या जन्मात मिळवलं काय, असा हिशेब कुणी मांडलाच, तर तो त्या पाकिटापाशी येऊन थांबला असता.

आणि आज तिने शब्द पाळला होता, आणि पाळता पाळता ते नाव घरोघर पोचवलं होतं.

"भूत बघितल्यासारखी काय बसलीयस?" लायलने काउंटरमागून विचारलं.

"इनिड आंटी कधी येणारे?"

"मेरिल म्हणत होती, दुपारच्या आत. दवाखान्याच्या बसने. सरळ इथेच येणारे म्हणे, कोणकोण कुठून निघालंय ते मेलमध्ये बघायला." त्याने कान खाजवला. "का? ते तुझं यंत्र बंद पडलं काय? फुकट ते पौष्टिक, असं तूच म्हणायचीस ना?"

ग्लेनिस उत्तर देणार तोच घंटी पुन्हा वाजली.

या खेपेला अक्षरं हिरवी होती. तेच नाव, तीच जागा, आणि खाली शेरा: 'कुणीतरी खोडसाळपणा केला होता. पूर्ववत केलं आहे. लक्ष आहे आमचं. डेस.'

डेस कुप्के हा रेल्वेचा निवृत्त गार्ड. गाड्या बंद पडल्या तरी गार्डपणा गेला नव्हता. तो आता विकीवर पहारा द्यायचा. कुणी एखादं साल चुकवलं की तासाभरात दुरुस्त. ग्लेनिसने त्याचं जाहीर कौतुक केलं होतं, ब्लॉगवर, फोटोसकट. त्या कौतुकाचं हे व्याज.

तिचा हात पुन्हा माउसकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आता पुसलं की तिसरी मेल. डेस पुन्हा घालेल, चौथी. गेलेल्या माणसाचं नाव दिवसभर चेंडूसारखं या हातातून त्या हातात जाणार, आणि प्रत्येक झेलाची मेल आंटीच्या नावावर येऊन पडणार.

तिने डेसला फोन लावला. फोन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. डेसच्या घरी फोनची तार एकच. तो इंटरनेटवर असला की फोन लागत नसे, आणि तो इंटरनेटवर नाही असं होत नसे.

"लायल, जरा बघशील इकडे? मी आलेच."

"मी? मला काय कळतंय पुस्तकातलं?"

"कुणी पुस्तक मागितलं तर दे. कुत्रं मागितलं तर देऊ नको."

जुन्या रेल्वे चाळीतलं शेवटचं घर डेसचं. रुळांवर आता खारवट झुडपं वाढली होती, पण फलाटाची पाटी त्याने दर वर्षी रंगवून ठेवली होती. ग्लेनिसने गाडी त्या पाटीला घासता घासता थांबवली. दार उघडंच होतं. डेस बनियनवर संगणकापुढे बसला होता आणि दोन बोटांनी काहीतरी बडवत होता.

"ये. बघितलंस ना? कुणा हलकटाने—"

"डेस, ते मी पुसलं."

त्याची बोटं थांबली. "तू?"

"मी."

"तू पुसलंस," तो सावकाश म्हणाला. "तुला माहितेय ते नाव तिथे यायला किती वर्षं लागली? आम्ही जिंकलो त्या आठवड्याच्या पेपरात सगळ्यांची नावं होती. माझं होतं, आणि मी तर त्या दिवशी पाण्याच्या बादल्या उचलण्यापलीकडे काही केलं नव्हतं. शेवटचा गोल ज्याने मारला त्याचं काय, तर 'व इतर एक'. मी कापून ठेवलाय तो पेपर. क्लबच्या भिंतीवरच्या फळ्यावरही तसंच. मी मुकाट राहिलो, तेव्हा सगळेच राहायचे. मग तू हे काढलंस आणि म्हणालीस, कुणीही लिहा. मी पहिलं काय लिहिलं असेल, तर ते नाव. माझ्या हाताने. आणि आता तू—" आणि इथे डेसने ते नाव घेण्यासाठी तोंड उघडलं.

ग्लेनिसने हात वर केला. "नाव नको घेऊस, डेस."

डॅरोत हे वाक्य एकाच कारणाने म्हणतात.

डेसचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्याने ते मिटलं. कोपऱ्यात मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"कधी?"

"काल. ऑगस्टात. छातीचं दुखणं होतंच."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुझा फोन लागत नाही, डेस."

तो उठला, किटली उचलली, तिच्यात पाणी आहे की नाही ते न बघता शेगडीवर ठेवली आणि शेगडी पेटवायला विसरला. "मला वाटलं, पुन्हा खोडतायत," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "इनिडने बघितलं असेल?"

"दुपारी येणारे. वाचनालयात येऊनच बघते ती मेल."

"मग अजून नाही." त्याने खुर्ची ओढली. "तू ती खूण नव्हती का केलीस? किरकोळ बदलाची?"

बदल जतन करायच्या बटणाशेजारी एक छोटा चौकोन असतो. तिथे टिचकी मारली की विकी तो बदल किरकोळ समजते आणि कुणाला कळवत नाही. स्वल्पविराम वगैरे हलवताना वापरतात. सकाळी ग्लेनिसची नजर त्या चौकोनावर गेली नव्हती असं नाही. गेली होती, आणि ती पुढे सरकली होती.

"किरकोळ कसं म्हणायचं, डेस? माणूस गेला."

डेसने पान उघडलं. नावावर आला. एका बोटाने एकेक अक्षर मागे ढकलत पुसलं, शेवटच्या अक्षरापाशी थोडा अडखळला, आणि चौकोनात खूण करून जतन केलं. फोटोत मागच्या रांगेत डावीकडे बादली घेतलेला एक लुकडा पोरगा हसत होता. मधल्या, चेंडू धरलेल्या माणसावर दोघांनीही नजर टेकवली नाही.

"फोटोही उतरव," ग्लेनिस म्हणाली. "खूण करून."

"हो." मग थोड्या वेळाने: "संगणक बंद करतो आता. फोन मोकळा राहू दे."

परतीच्या वाटेवर ग्लेनिसच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पानावर आता ते नाव नव्हतं, ठीक. पण ज्या दोन मेल सुटल्या होत्या त्या सुटल्या होत्या. एक लाल, एक हिरवी. बाकीच्यांचं जाऊ दे, आंटी येईल, नेहमीच्या खुर्चीत बसेल, चष्मा पुसेल, आणि भावाच्या प्रेताशेजारून उठून आल्याबरोबर पहिलं काय बघेल, तर ते.

वाचनालयात लायल एका म्हातारीला बागकामाचं पुस्तक दाखवत होता आणि ती त्याला तिच्या कुत्र्याचं वय सांगत होती. ग्लेनिस दुसऱ्या टोकाच्या संगणकावर बसली. हा आंटीचा नेहमीचा. बस यायला अजून थोडा अवकाश होता.

आंटीचा पासवर्ड तिला ठाऊक होता. खरं तर गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे ठाऊक होते. मेलबॉक्स तिनेच उघडून दिले होते, आणि पासवर्ड म्हणून प्रत्येकाच्या कुत्र्याचं नाव घातलं होतं. विसरलं तर शेजारच्या काउंटरवर नोंद होतीच. तेव्हा सगळे हसले होते. कुणी आपल्या घराची किल्ली शेजारणीकडे ठेवतं, तशातली गोष्ट. शेजारीण किल्ली घेऊन आत जात नाही, एवढ्या भरवशावर ती ठेवलेली असते.

आपण काही वाचायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. फक्त त्या दोन काढायच्या. तिच्या भल्यासाठी. असं बजावावं लागतं तेव्हा पाऊल उंबऱ्यावर असतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही.

तिने कुत्र्याचं नाव टाइप केलं. दार उघडलं.

वर त्या दोन, विकीच्या. खाली माणसांच्या: पुतण्यांच्या, बहिणींच्या, कुठल्या कुठल्या गावांहून. विषयांच्या ओळी डोळ्यांत शिरत होत्या आणि ती डोळे बारीक करून त्या न वाचायचा प्रयत्न करत होती. कुणाला पेट्रोलचं जमत नव्हतं. कुणी लहान लेकरांना आणू का विचारत होतं. तिने दोन्हींवर खूण केली. काढल्या. मग काढलेल्या मेल जिथे जाऊन पडतात ती टोपलीही रिकामी केली, कारण अर्धवट काम करायची तिला सवय नव्हती.

"काय गं, हे इनिडचं यंत्र ना?" लायल मागे उभा होता.

"गरम होत होतं. बघत होते."

"हं," लायल म्हणाला. त्याच्या 'हं'मध्ये कचऱ्याचे डबे सांभाळणाऱ्याचा अनुभव होता. लोक झाकणाखाली काय लपवतात ते त्याला रोज दिसायचं.

बस आली. आधी आंटीची भाची रोनेल उतरली. ऑगस्टाच्या दवाखान्यात ती कामाला होती. मग तिचा हात धरून आंटी. काळा स्वेटर, पायात पुरुषी बूट. आत येऊन ती दाराशी थोडी थांबली. लायल उठून उभा राहिला. ग्लेनिसने पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते गार होते.

"पानावरून नाव काढलंय, आंटी. फोटोही उतरवलाय."

"हं," आंटी म्हणाली आणि आपल्या खुर्चीत बसली. चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, घातला. एका बोटाने कुत्र्याचं नाव दाबलं. रोनेल मागे उभी. ग्लेनिस शेल्फापाशी सरळच असलेली पुस्तकं सरळ करत राहिली.

आंटी पडद्याकडे बघत होती. वाचत नव्हती, बघत होती. एखादी बाई स्वयंपाकघरात पाऊल टाकल्याबरोबर थबकते, चमचा नेहमीच्या जागी नाही म्हणून, तसं.

"रोनेल," ती म्हणाली, "सकाळी किती होत्या गं त्या?"

"दोन, आंटी."

"दोन." आंटीने मान वळवली नाही. "सकाळी हिच्या दवाखान्यात मी हे उघडलं होतं. घरचे कुठवर आले बघावं म्हणून. ही आधी वाकली, आणि पटकन पडद्यावर तळहात ठेवला. मला म्हणाली, आंटी, याच्याखाली बघू नका. मी बघितलं नाही. हात तिथेच राहिला, मी खालच्या वाचल्या." ती थांबली. "आता हात नाहीये. आणि त्याच्याखालचंही नाहीये."

ग्लेनिसच्या हातातलं पुस्तक शेल्फात शिरेना.

"पोरी, इकडे ये."

ती गेली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला 'पोरी' म्हणणारं गावात हे एकच माणूस उरलं होतं.

"मी काढल्या, आंटी. तुम्हाला दिसू नये म्हणून. पुसताना माझ्याकडून— ते यंत्र सगळ्यांना कळवतं, ते मी— आणि मग डेसने—"

"ते कळलं मला. पहिल्यांदा लाल, मग हिरवं. रोनेलने सांगितलं. कुणीतरी काढलं, कुणीतरी घातलं. काढणारी तू असणार, तू शब्द दिला होतास. घालणारा तो गार्ड असणार." आंटीच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे ऐकणं जड जात होतं. "बसमध्ये मी विचार करत आले. ती चूक होती. ज्याने त्याने आपल्या परीने त्याला मान द्यायला बघितला, आणि यंत्राने घोळ घातला. ते मी वाटेतच सोडून दिलं. इथवर आणलं नाही."

बाहेर बसवाल्याने इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"पण हे तू इथे केलंस. माझ्या घरात शिरून केरसुणी फिरवलीस. चांगल्या मनाने. आमच्याकडे पूर्वीपासून सगळे चांगल्याच मनाने शिरतात, ग्लेनिस."

लायलने काउंटरवरचे कागद उचलले आणि तो मागच्या दाराने बाहेर गेला.

ग्लेनिसला सांगावंसं वाटलं, की मी बाकी काही वाचलं नाही. ते खरंही होतं, जवळजवळ. पण कुणाला पेट्रोलचं जमत नव्हतं ते तिला ठाऊक झालं होतं, आणि आता ठाऊक नाही असं होणार नव्हतं. ती म्हणाली, "चुकले मी."

"हो."

"तुमचे सगळे फोटो हवे असतील तर काढून देते. आजच. पाकिटात घालून."

पत्र्यावर कावळा उतरून चालू लागला, त्याच्या नखांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. रोनेलने आंटीच्या खांद्यावर हात ठेवला. विकीवरचं वस्तीचं सगळं पान, नदीकाठच्या शाळेचा फोटो, आंटीच्या आईने सांगितलेली पाण्याच्या खड्ड्याची गोष्ट: ते सगळं त्या एका उत्तरावर लटकलं होतं, आणि आंटी उत्तर द्यायची घाई करत नव्हती.

"बाकीचे राहू देत," ती अखेर म्हणाली. "ते बाकीच्यांचे आहेत. त्याचं झाकलेलं राहील. परत कधी लावायचं ते आम्ही सांगू. तू विचारू नकोस."

"नाही विचारणार."

"गार्डलाही सांग. त्याचा पहारा चांगला आहे, पण आधी दार वाजवून विचारावं म्हणावं, आत कोण आहे."

"सांगते."

"आता मला शिकव." आंटीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "ही किल्ली बदलायची कशी?"

ग्लेनिसने वाकून दाखवलं. इथे टिचकी, मग इथे. तीन चौकोन उघडले. "वरच्यात जुना. मधल्यात नवा. खालच्यात पुन्हा तोच नवा. म्हणजे हात चुकला नाही ना, ते कळतं." मग ती सरळ झाली. "कुत्र्याचं नाव नका घालू, आंटी."

"कुत्रा म्हातारा झालाय," आंटी म्हणाली. "तुझ्यासारखाच. वळ तिकडे."

ग्लेनिस वळली आणि खिडकीपाशी गेली.

समोर मिरीच्या झाडाखाली डेसची जुनी गाडी येऊन उभी होती. तो आत आला नव्हता. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, टोपी काढून दोन्ही हातांत धरली होती, आणि ऊन थेट टकलावर येत असूनही तो सावलीत सरकत नव्हता. आंटी बाहेर येईपर्यंत तो असाच उभा राहणार होता, हे उघड दिसत होतं.

मागे कळांचा आवाज सुरू झाला. एक. मग बराच वेळ काही नाही; आंटी पुढचं अक्षर शोधत असणार. मग दुसरी. ग्लेनिसच्या लक्षात आलं, की आपण मोजतोय. तिने डेसच्या टोपीकडे लक्ष लावायचा प्रयत्न केला. तिसरी ऐकू आली. मग ती हळू आवाजात, नाकातल्या नाकात गुणगुणू लागली. सूर असा काही नव्हता, नुसता आवाज, आपल्याच कानांत भरून राहावा इतपत.

"जुळत नाही म्हणतंय," मागून आंटी म्हणाली.

"दोन्हीकडे सारखंच हवं," ग्लेनिस खिडकीलाच म्हणाली. "सावकाश करा पुन्हा. घाई नाही."

"बघत नाहीयेस ना?"

"नाही, आंटी."

कळा पुन्हा सुरू झाल्या, आणि तिने आवाज थोडा वाढवला.

"झालं," आंटी म्हणाली.

ग्लेनिस तरीही थोडा वेळ तशीच उभी राहिली, पाठ करून, गुणगुणत.